हँडलवरची बाई

मी लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो, आणि मला रस्ते सापडत नाहीत. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत, यावर आमच्या घरात कित्येक वर्षं फुकट करमणूक चालू आहे. गोदावरीचं खोरं मी फळ्यावर डोळे मिटून काढतो. पण त्याच गोदावरीच्या काठच्या नांदेडात, जिथं माझा जन्म झाला, तिथं पाहुण्यांच्या घरी जायचं म्हटलं की मी दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात उभा असतो. लातुरात हे झाकून जातं. तिथं पोरगं एक तर डॉक्टर होतं, नाही तर डॉक्टर न झालेलं असतं. भूगोलाच्या मास्तरकडे बघायला कुणाला सवड नसते. नांदेडच्या घरी मात्र सगळ्यांना सवड असते.

रस्ता विचारावा म्हटलं तर आमच्याकडे तीही सोय राहिलेली नाही. पूर्वी लोक सांगायचे, लिंबापासून डावीकडं, गिरणीपासून उजवीकडं. मग रस्ते रुंद झाले, लिंब गेले, गिरणी मागं सरकली, सांगणारे मात्र तेच राहिले. अजूनही माणूस हात लांब करून सांगतो, "तिथं आधी लिंब होता बगा, तिथून वळा." नसलेल्या लिंबापासून वळायला भूगोल पुरत नाही, त्याला अध्यात्म लागतं.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, मी सुट्टी काढून नांदेडला आलो आणि पत्रिका वाटायचं काम माझ्याकडे आलं. मोबाइलवर पत्रिका पाठवली की आमचे पाहुणे ती बघतात, खाली हात जोडलेलं चित्र टाकतात आणि लग्नाला येत नाहीत. का आला नाहीत विचारलं तर म्हणतात, आम्हाला आमंत्रण कुठं होतं? आमंत्रण म्हणजे घरी जाऊन, कपाळाला कुंकू लावून, हळदीच्या तांदळाची अक्षत हातावर देणं. त्याला घरची बाई लागते. म्हणून गाडी मी चालवायची आणि मागं आई, मांडीवर पत्रिकांची पिशवी, असा बेत ठरला. वडिलांनी कंबरेचं कारण सांगून अंग काढून घेतलं. त्यांची कंबर लग्नसराईतच दुखते.

त्या यादीत एका घराचं नाव कुणी घेत नव्हतं. ते माझ्या मामाचं घर, हदगावच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. भांडण माझ्याच लग्नात झालं होतं, तेही शेताचं नाही की घराचं नाही, फेट्याचं. मांडवात मानाच्या माणसांना ओळीनं फेटे बांधणं चाललं होतं आणि सख्ख्या मामाच्या डोक्याशी येता येता फेटे संपले. कुणा शहाण्यानं घाईत त्याच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल ठेवला. मामानं काही बोलायच्या ऐवजी ती टोपी काढून मांडवाच्या खांबाला घातली आणि न जेवता गावाकडे निघून गेला. माझ्या लग्नाच्या अर्ध्या फोटोंत तो टोपी घातलेला खांब आहे.

तेव्हापासून आई आणि मामा बोलत नाहीत. आई म्हणते, "मी थोरली. त्यानं यावं." मामा म्हणतो, तो मानाचा मामा, त्याच्याकडं यावं. दोघांचंही बरोबर असल्यामुळे कुणीच हललं नाही. बहीण मामाला चोरून फोन करायची. मामा तिच्याशी हसायचा, बोलायचा, आणि लग्नाचा विषय निघाला की, "तुज्या आईला येऊ दे," म्हणून फोन ठेवायचा. आमच्याकडे लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. बहीण लहान असताना आई फार आजारी होती, तेव्हा ती मामाकडेच राहिली होती, त्याच्या खांद्यावर बसून शाळेत जायची. तिनं मला एकदा गच्चीवर गाठून स्पष्टच सांगितलं, "दादा, मामा पाठीशी नसंल तर मी पाटावर उभी राहणार न्हाई. मंग तूच हार घालून घे." ती हसत बोलली, पण डोळे भरले होते. मी हो म्हणालो. कसं करणार ते मला मुळीच माहीत नव्हतं.

आता जीपीएसचं. ते मला आमच्या गणिताच्या सरांकडून मिळालं. सर मोटरसायकलवर लडाखला जाऊन आले होते. लडाखहून आलेल्या माणसाला दोन गोष्टी होतात, दाढी आणि कंबरदुखी. सरांची दाढी त्यांच्या बायकोनं काढायला लावली, कंबर राहिली, आणि जीपीएस माझ्या गळ्यात पडलं. पंज्याएवढं, काळं, जाड काठाचं यंत्र. मोबाइल असताना हे कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. त्यांनी लग्नघरातल्या माणसाचा मोबाइल हँडलला बांधून बघावा. नकाशा उघडला की मावशीचा फोन येतो, आणि मावशी फोन ठेवते तोवर फाटा मागं पडलेला असतो. त्यात एप्रिलचं ऊन. मोबाइल तापून जो मूर्च्छा येऊन पडतो तो सावली दिसेपर्यंत उठत नाही.

यंत्राबरोबर एक लोखंडी पकड आली होती, लडाखला जाणाऱ्या जाडजूड गाडीच्या हँडलसाठी केलेली. आमची गाडी वडिलांची जुनी, हँडल बारीक. पकड त्यावर अशी गोल फिरायची की जीपीएस क्षणात आभाळाकडे बघे, क्षणात माझ्या गुडघ्याकडे. मग मी सायकलची जुनी ट्यूब कापून तिची पट्टी हँडलला गुंडाळली आणि वरून पकड आवळली. बसवायचं कुठं हाही प्रश्नच होता. डावीकडे आईनं बांधलेली लिंबू-मिरची होती आणि तिला हात लावायची परवानगी नव्हती. उजवीकडे बसवलं की ब्रेक दाबताना बोटं अडकायची. शेवटी मधोमध, स्पीडोमीटरवर बसवलं. स्पीडोमीटर झाकला गेला, पण त्याचा काटा वडिलांच्या काळापासून शून्यावर होता, त्यामुळे फारशी माहिती बुडाली नाही.

पहिल्याच फेरीत प्रत्येक गतिरोधकावर यंत्र थोडं थोडं वाकत गेलं आणि घरापासून दूर जाईपर्यंत पाहुण्यांना दाखवायला बसवलेल्या मुलीसारखी त्यानं मान पार खाली घातली. स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर टाकल्यावर ती मान ताठ झाली. ही माझी स्वतःची अक्कल, आणि मी ती घरात सगळ्यांना दोन-दोनदा सांगितली.

यंत्रात एक बाई होती. हिंदीत बोलायची, आवाज बारीक पण ठसक्याचा. आईनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती अंगणात पापड वाळत घालत होती.

"ही कोण?"

"रस्ता सांगणारी बाई आहे."

"हिचं माहेर कुठलं?"

मी म्हणालो, माहीत नाही. आईनं पापड उलटा केला आणि म्हणाली, "माहेर ठावं न्हाई आन् मला रस्ता सांगती."

बाईला बोलायला करंट लागायचा. यंत्राची स्वतःची बॅटरी लडाखमध्येच थकली होती. म्हणून मी जुन्या मोंढ्याजवळच्या एका ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यानं आधी वायर थेट गाडीच्या बॅटरीला जोडून दिली. ती जोडणी चावी बंद केली तरी चालूच राहायची, आणि यंत्र बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. सकाळी गाडीची बॅटरी रिकामी. इंडिकेटर लागेना, हॉर्न म्हणजे घसा बसलेल्या माणसाचा हुंकार. मी परत गेलो आणि म्हणालो, चावी फिरवल्यावरच करंट मिळेल असं काहीतरी करा.

"मंग हॉर्नमधून देतो ना सर," तो म्हणाला. "हॉर्नची वायर चावीवरच हाय. आन् तिच्यात करंट एकदम ताजा. आपल्याकडं दिवसभर तेच वाजून राहिलंय."

मला ते पटलं. भूगोलाच्या माणसाला विजेतलं काहीही पटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुदखेडला निघालो, वडिलांच्या चुलत बहिणीकडे पत्रिका द्यायला. शहर संपेपर्यंत बाई छान बोलत होती. मग पुढं म्हशी आल्या. मी हॉर्न वाजवला, म्हशी हलल्या नाहीत, बाई मात्र बोलता बोलता गप्प झाली. पडदा काळा. मग एक छोटी धून वाजली, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं आणि बाई नव्यानं उपग्रह शोधू लागली. तिचा शोध संपत आला तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर, परत हॉर्न, परत काळा पडदा, परत धून. हॉर्न सगळा करंट ओढून घ्यायचा आणि बाईच्या वाट्याला काही उरायचं नाही. म्हणजे हॉर्न वाजवावा किंवा रस्ता विचारावा. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं.

आमच्या भागात हॉर्न न वाजवता गाडी चालवणाऱ्या माणसाकडे लोक आजारी असल्यासारखं बघतात. मी पुष्कळ सोसलं. शेवटी आईनं मागून हॉर्नचं काम हाती घेतलं. "ओ पिशवीवाले, सरका." "ए बकरीवाली बाई, वडून घे ती." तिचा आवाज हॉर्नहून चांगला चालला, पण तिच्या आवाजात बाईचा आवाज बुडाला आणि एक वळण हुकलं. त्या दिवशी आम्ही आत्याच्या घराऐवजी मुदखेड स्टेशनच्या मालधक्क्यावर पोचलो. तिथं खताची पोती उतरवत होते. आईनं गाडीवरून न उतरता पिशवी छातीशी धरली आणि एका हमालाला विचारलं, "आमच्या नणंदेचं घर इथं कुटं हाय का?" तो भला माणूस पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन बघून आला.

इलेक्ट्रिशियनशी माझं थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, मशीनमध्ये दोष नाही, हॉर्नमध्ये दोष नाही, मी वाजवतो फार. शेवटी त्यानं चावीच्या जोडणीवरून वेगळी वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, वायर टाकीखालून काढून जागोजागी बांधली. आता हॉर्न वाजला तरी बाई बोलत राहायची. एकच खोट राहिली. यंत्राच्या खाली वायर घुसवायच्या जागी पाणी जाऊ नये म्हणून रबराचं झाकण होतं, त्याच्यामुळे वायर नीट बसेना, म्हणून मी ते झाकण काढून खिशात टाकलं. एप्रिलात पाऊस कुठून येणार, असा माझा भौगोलिक विचार होता.

यंत्र नीट चालायला लागलं तसा माझ्या डोक्यात बेत शिजला. आईला सांगायचं की अर्धापूरला जायचंय, वडिलांच्या एका केळीवाल्या स्नेह्याकडे. यंत्रात मात्र मामाचं गाव टाकायचं. अर्धापूरची पत्रिका झाली की बाई पुढं नेईल तिकडं जायचं आणि दारात पोचल्यावर म्हणायचं, मशीन चुकलं. माझी रस्ता चुकण्याची कीर्ती एवढी मोठी, की आईला संशय यायचं कारण नव्हतं. मी बहिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "दादा, जन्मात पहिल्यांदा तुजा उपयोग होऊन राहिला."

निघायच्या दिवशी सकाळी मी गाडी बाहेर काढली, चावी फिरवली, यंत्रात मामाचं गाव टाकलं आणि हेल्मेट आणायला आत गेलो. बाहेर आलो तर आई गाडीसमोर ताट घेऊन उभी. मुदखेडला झालेल्या फजितीचं कारण तिनं शोधून काढलं होतं. गाडीची पूजा दरवर्षी दसऱ्याला होत होती. या नव्या बाईची एकदाही झाली नव्हती. मी पायऱ्या उतरेपर्यंत तिनं पडद्यावर हळदीचं आणि कुंकवाचं बोट ओढलं होतं, तांदूळ टाकले होते, ओवाळून झालं होतं. बाई आतून म्हणत होती, आगे बढ़िए. आईनं पायरीवर नारळ फोडला आणि त्याचं पाणी, जे गाडीच्या चाकावर घालतात, ते भक्तिभावानं हँडलवर घातलं. ते थेट यंत्रावरून ओघळून खाली वायरीच्या भोकात गेलं. बाई म्हणाली, आगे ब, आगे ब, आगे. मग पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि तो विझला.

मी बटण दाबलं. फ्यूज बघितला, तो उडाला होता. दुसरा टाकला, तोही उडाला. यंत्र हलवलं तर आतून नारळपाणी हललं. दारात बहीण उभी होती. तिच्या तोंडाकडे बघवेना. मला खरोखर रडू येत होतं, आणि माझं वय आणि हुद्दा बघता ते बरं दिसलं नसतं.

"गेली का काय?" आईनं विचारलं.

"गेली."

आईनं वाकून पडद्याकडे बघितलं, पदरानं एक खोबऱ्याचा कण काढला आणि म्हणाली, "शांत झाली. चल, ऊन व्हायच्या आत."

अर्धापूरचा रस्ता मलासुद्धा चुकवता येत नाही. दोन्ही बाजूंनी केळी दिसायला लागली की समजायचं. स्नेह्यांच्या घरी कुंकू झालं, अक्षत झाली, चहा झाला, आणि निघताना त्यांनी केळीची एवढी मोठी फणी दिली की ती हँडलच्या उजव्या बाजूला लटकवावी लागली. गाडी मोठ्या रस्त्यावर आणून मी थांबवली. इथून मागं वळलं की नांदेड. पुढं हदगावचा रस्ता. पुढं कुठं तरी मामाचं गाव होतं, पण कुठल्या फाट्यानं, कुठल्या कालव्यानं, ते मला सांगणारी बाई पडद्यावर कुंकू लावून मरून पडली होती. घरी जाऊन बहिणीला काय सांगायचं याचा विचार करत मी नुसता हँडल धरून बसलो. गाड्या बाजूनं जात होत्या.

"काय म्हणून राहिली ती बाई?" आईनं मागून विचारलं.

मी पडद्याकडे बघितलं. त्यात माझंच तोंड दिसत होतं.

"सरळ जा म्हणते," मी म्हणालो.

मग आईनं पिशवी मांडीवर नीट घेतली. "मंग चल. सांगितलंय तर जावंच लागंल."

बाई कशी गेली ते आईनं स्वतः बघितलं होतं, किंबहुना तिनंच घालवली होती. आणि हे तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. माझा बेत तिला आधीपासून ठाऊक होता की त्या क्षणी कळला, ते मी अजून विचारलेलं नाही. मी गिअर टाकला आणि सरळ निघालो.

पुढं एक फाटा आला. मी थांबलो.

"आता?"

"आता ती विचार करून राहिली," मी म्हणालो.

"तिला दिसत नसंल, ऊन हाय," आई म्हणाली. "डावीकडं म्हणत आसंल बग. नीट आइक."

मी कान लावल्यासारखं केलं. "हाव, डावीकडंच म्हणते."

मग कालवा लागला. तिथं दोन रस्ते, दोन्ही सारखेच कच्चे. या वेळी मी विचारायच्या आधीच आई बोलली, "कालव्याच्या अंगानं जाय म्हणती ना ती?" मी हो म्हणालो. पुढं एका पडक्या पंपघराशी आई म्हणाली की बाईनं आता जरा सावकाश चालव म्हणून सांगितलंय, पुढं खड्डा आहे. पुढं खरंच खड्डा होता. लहानपणी आम्ही एसटीनं यायचो, मला यातलं काही आठवत नव्हतं. इतकी वर्षं आई इकडं आली नव्हती, पण एकाही वळणावर ती अडखळली नाही.

"लई हट्टी बाई हाय ही," ती म्हणाली. "आपलं काय चालतंय तिच्यापुढं."

गावाच्या तोंडाशी, मारुतीच्या देवळाजवळ, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांब जरा." ती उतरली. पदर झटकला, डोक्यावर घेतला, तोंड पुसलं. मग तिथंच उभी राहिली. मी आईला असं कधी बघितलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ते बघून मला तिच्यापेक्षा जास्त वाटायला लागली.

"बग बरं," ती म्हणाली, "ती माघारी फिर म्हणत आसंल."

मी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. "न्हाई आई. माघारी फिरा म्हणायला तिला कुणी शिकवलेलंच न्हाई."

आई परत मागं बसली.

मामाच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती, दारापर्यंत. मामा हातात दाताळं घेऊन ती उलथत होता. गाडीचा आवाज ऐकून त्यानं वर बघितलं. दाताळं तसंच हातात राहिलं. मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली, कारण पाणी आधी कुणाला द्यायचं हेही आता भांडणाचं झालं असतं. मध्ये हळद, अलीकडे आई, पलीकडे तिचा भाऊ.

"अर्धापूरला आलो होतो," आई हळदीकडे बघत म्हणाली. "ह्या मशीननं इकडं आणलं."

मामानं दाताळं भिंतीला लावलं. हळदीला वळसा घालून तो गाडीपाशी आला. त्यानं यंत्राला हात लावला नाही, आधी पकड बघितली, ट्यूबची पट्टी बघितली. मग बोटानं वायर धरून ती टाकीखालून सीटपर्यंत कुठं जाते ते बघितलं, आणि परत वर आला. पडद्यावर हळद-कुंकू वाळून तडकलं होतं, खोबऱ्याचा तुकडा पकडीत अडकला होता. त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं.

"चालू हाय का हे?" त्यानं मला विचारलं.

आई देवळाच्या कळसाकडे बघत होती.

"हाव, मामा," मी म्हणालो.

मामानं खांद्यावरच्या टॉवेलनं तो काळा पडदा हळूहळू पुसला. "चांगलं मशीन हाय," तो म्हणाला. "आदीच घ्यायचं होतंस की रे लेका."

तेवढ्यात मामी तांब्या घेऊन उंबऱ्यातून पुढं आली. मामानं तो घेतला आणि आईला दिला. "आक्का, घे."

आईनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. तिचा अंगठा तिथं जरा जास्तच वेळ राहिला. अक्षत त्याच्या हातावर दिली, पत्रिका दिली. मामानं पत्रिका खालपर्यंत वाचली, वरच्या गणपतीपासून वाहतुकीच्या सोयीपर्यंत, आणि देवघरात नेऊन ठेवली. जेवणं झाली. केळीची फणी मामीला देऊन झाली. कुणी कुणाची माफी मागितली नाही. आमच्याकडे तो प्रकार फक्त मालिकांत चालतो. शेवटी आईनं धीर करून विचारलं, "येशील ना?"

"बगू," मामा म्हणाला.

आमच्या भागात 'बगू'चा अर्थ येणार नाही असाही होतो, आणि आदल्या दिवशीच बिऱ्हाडासकट येऊन बसेन असाही. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. आईचा चेहरा उतरला. मी गाडीला किक मारली. बहिणीला सांगायला आमच्याकडे आता एक 'बगू' होता, म्हणजे सकाळी होतं त्याहून फारसं जास्त काही नव्हतं.

मामानं आतून त्याच्या गाडीची चावी आणली. "फाट्यापर्यंत येतो म्होरं म्होरं," तो म्हणाला. "ती बाई चुकवंल तुमाला." हळदीनं पिवळे झालेले हात, अंगात घरचा सदरा, पायात चप्पल. तो पुढं, आम्ही मागं. कालवा गेला, पंपघर गेलं. फाटा आला. तिथं तो थांबेल, आई उतरेल, दोन शब्द होतील, असं मी धरून चाललो होतो. मामानं मान वळवून मागं कुणी येत नाही ना तेवढं बघितलं आणि गाडी नांदेडच्या बाजूला वळवली.

"ह्याला कुटं जायचंय?" आई पुटपुटली.

"हाक मारू का?"

"न्हाई." तिनं माझा खांदा घट्ट धरला. "काही बोलू नको. मागंच राहा त्याच्या."

अर्धापूर आलं, गेलं. तो थांबला नाही. केळीच्या बागा संपल्या. आईचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं होतं आणि माझा शर्ट ओला होत होता. मी आरसा तिच्या बाजूनं वळवला नाही. नांदेडात शिरल्यावर मामा एकदाही न चुकता आमच्या गल्लीत आला आणि त्यानं दारासमोर गाडी उभी केली.

बहीण आवाज ऐकून बाहेर आली. वडीलही कंबर विसरून उठले होते, या म्हणाले, बसा म्हणाले. मामा बसला नाही. त्यानं पाणीही घेतलं नाही. हात पाठीमागं धरून त्यानं घरासमोरची मोकळी जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, आणि बहिणीकडे न बघता विचारलं, "मांडव कुटं पडणार हाय? मला उभं राहायची जागा दाखव."

बहिणीनं त्याचा हळदीचा हात धरून त्याला अंगणाच्या मधोमध नेलं. तिथं उभं केलं. मग ती त्याच्या पुढं गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.